लेकीच्या सासरी, हंगेरीतल्या खेड्यात तीन आठवडे – विहीणबाईंचं मन कसं राखावं?

त्रिमूर्तीनगरची आई

नमस्कार मंडळी,

मी नागपूरची. जिल्हा परिषदेच्या शाळेत 31 वर्षं शिकवून निवृत्त झाले. आमची एकुलती एक लेक शिकायला हंगेरीला गेली, तिथेच नोकरीला लागली आणि मागच्या माघात तिथल्याच मुलाशी तिचं लग्न झालं. लग्न इथे नागपुरात केलं. जावईबापू आले, त्यांचे दोन मित्र आले, पण व्याही आणि विहीणबाई येऊ शकले नाहीत. व्याह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन नेमकं तेव्हाच निघालं. म्हणजे अक्षता पडल्या, पण आमची भेट अजून मोबाइलच्या पडद्यावरच झाली आहे.

आता त्यांनी आग्रहाने बोलावलं आहे. 5 ऑगस्टला निघायचं, तीन आठवडे राहायचं, आणि तेही लेकीच्या शहरातल्या फ्लॅटवर नाही तर विहीणबाईंकडे. त्यांचं गाव सेगेद शहराच्या वरच्या अंगाला, तिसा नदीजवळ. व्हिसा झाला, मुंबईला जाऊन बोटांचे ठसे देऊन आलो, 30,000 युरोचा विमा काढला. कागदांची काळजी उरली नाही. काळजी वेगळीच आहे.

आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. यांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. गेल्या महिन्यात विहीणबाईंनी व्हिडिओवर स्वयंपाकघर दाखवलं. फळीवर एक मोठी बरणी होती, त्यात पांढरंशुभ्र काहीतरी घट्ट. मी विचारलं, "तूप का गं?" लेक गप्प बसली. मग म्हणाली, "आई, ती डुकराची चरबी. त्या सगळं त्यातच करतात." विहीणबाई मात्र बरणी पुढे धरून कौतुकाने हसत होत्या, घरी पाळलेल्या जनावराची म्हणून. त्यांच्या अन्नाला नाव ठेवायचं माझ्या मनातही नाही. पण माझ्या घशाखाली ते उतरणार नाही. जी बाई आपल्यासाठी दिवसभर चुलीशी उभी राहील, तिला ताटावर बसून नाही कसं म्हणायचं?

दुसरं, पालिंका. फळांची कडक दारू असते म्हणे, आणि पाहुणा उंबऱ्यात आला की आधी तीच हातात देतात. हे घेणार नाहीत. व्याह्यांना अपमान वाटेल का?

तिसरं, भाषा. त्यांना इंग्रजी येत नाही, आम्हाला हंगेरियन येत नाही. लेक-जावई कामावर जाणार, शनिवार-रविवारी येणार. मधले पाच दिवस आम्ही चौघं घरात काय करणार?

आणि चौथं लिहू की नको असं वाटत होतं, पण लिहिते. माझी थोरली जाऊ म्हणाली, "लेकीच्या सासरी तीन दिवस पुरे. तीन आठवडे कशा बसता जाऊन?" माझी आई माझ्या लग्नानंतर चार वर्षं माझ्या घरी पाणीसुद्धा प्यायली नाही, नात झाल्यावरच प्यायली. तो काळ गेला हे मला कळतं, वर्गात मुलांना मीच ते सांगत आले. तरी मनात कुठेतरी ते बसलेलं आहे.

विहीणबाईंची ओटी भरायची फार इच्छा आहे. खण घेऊन ठेवला आहे. तिथे नारळ नेता येतो का? नागपूरचं म्हणून संत्रा बर्फी न्यावी असं हे म्हणतात.

कुणी तिकडच्या खेड्यात पाहुणं म्हणून राहून आलं असेल तर सांगा.

---

तिसाकाठचा नागपूरकर

काकू नमस्कार. मी मूळचा मानेवाड्याचा, सेगेदला विद्यापीठात शिकतोय, हे तिसरं वर्ष. तुमच्या विहीणबाईंचं गाव माझ्यापासून फार दूर नसणार. आधी सामानाचं सांगतो, कारण त्यात लोक अडकतात.

दुधाचं आणि मांसाचं काहीच युरोपात बॅगेतून आणता येत नाही. तूप, पनीर, खवा, पेढे सगळं घरीच ठेवा. संत्रा बर्फीत खवा असतो, तर तिच्यापायी विमानतळावर वाद नको. ताजी संत्रीही नाही, फळांना तपासणीचा सरकारी दाखला लागतो. पण नारळ त्या नियमातून सुटलेला आहे, केळी, अननस, खजुरासारखा. त्यामुळे ओटी भरा काकू. फक्त विमान कंपनीला आधी विचारून घ्या, आणि सुकं खोबरं घेऊ नका, ते तेलकट असल्यामुळे पेट घेतं म्हणून आपल्याकडेच अडवतात.

परत येताना एक लक्षात ठेवा. तुम्हाला तिथे खसखशीची पाकिटं किंवा खसखस भरलेला गोड रोल हमखास देतील. आखातातून विमान बदलत असाल तर ते सोबत ठेवू नका. अमिरातीत खसखशीवर बंदी आहे, लोकांना खरंच त्रास झालेला आहे.

वाचायची युक्ती: त्यांच्या लिपीत एस एकटा आला की श, आणि एसला झेड जोडला की स. म्हणून आपण ज्याला बुडापेस्ट म्हणतो ते त्यांच्या तोंडी बुदापेश्त. जोर नेहमी शब्दाच्या पहिल्या अक्षरावर. एवढं जमलं तरी दुकानाच्या पाट्या वाचता येतात. आडनाव आधी आणि नाव नंतर, आपल्या शाळेच्या हजेरीपटासारखं. मोठ्या माणसांच्या नावापुढे बाईला नेनी आणि माणसाला बाची लावतात, म्हणजे काकू आणि काका. गावातली पोरं तुम्हालाही नेनी म्हणतील. माझ्या घरमालकीणबाईंच्या पत्रपेटीवर तर नवऱ्याचंच पूर्ण नाव आहे, शेवटी फक्त "ने" जोडलेलं, म्हणजे अमक्याची बायको. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आजीच्या लग्नपत्रिका आठवल्या.

काकांनी दारू घेतली नाही तर कुणी रागावत नाही. छातीवर हात ठेवून "नेम इसोम" म्हणायचं, मी पीत नाही. मग विहीणबाई लगेच बोझासोर्प पुढे करतील. पांढऱ्या रानफुलांचं सरबत असतं, सोड्यात घालून देतात, फार छान लागतं. तो पेला वर उचलून सगळ्यांच्या डोळ्यांत पाहायचं, बस. डोळ्यांत पाहणं महत्त्वाचं आहे, पेल्यात काय आहे ते नाही.

20 ऑगस्टला तिथला मोठा सण आहे, त्यांचा पहिला राजा संत इश्त्वान, त्याचा दिवस. नव्या गव्हाची पोळी... म्हणजे पाव, आशीर्वाद देऊन कापतात. त्या दिवशी सगळी दुकानं बंद असतात, औषधं आधी घेऊन ठेवा. खेड्यात रविवारीही तेच. औषधाच्या चिठ्ठीवर कंपनीचं नाव न लिहिता मूळ औषधाचं नाव लिहून आणा. दुकानाला ते पातिका म्हणतात. तातडीचा फोन 112.

व्याह्यांशी काय बोलायचं विचारलंत, तर पुराबद्दल बोला, खरंच. तिसाकाठची माणसं पाण्याबद्दल तासन्‌तास बोलतात. 1879 च्या मार्चमध्ये तिसाने अख्खं सेगेद बुडवलं होतं, आजचं शहर त्यानंतर नव्याने बांधलेलं आहे. मी माझ्या घरमालकांना 2023 च्या सप्टेंबरात अंबाझरी तलावाचं पाणी आपल्याकडे कसं घरात शिरलं त्याचे मोबाइलमधले फोटो दाखवले. ते उठले आणि आतून आपल्या आजोबांच्या वेळचे बांधाचे फोटो घेऊन आले. दोन तास गेले, भाषा कुठे लागली नाही.

---

खामल्याहून

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि मी दुपारची झोप सोडून लिहायला बसली. वाचून राहिली होती तर वाटलं, माझंच कुणी लिहिलं काय.

माझ्या लहान्या मुलाने हंगेरीची मुलगी केली. मी दोनदा जाऊन आली, 2018 च्या जुलैत आणि 2023 च्या ऑक्टोबरात. ईनबाईंचं घर केच्केमेत नावाच्या शहराच्या पुढे, वाळूच्या जमिनीत. गावातही नाही, वावरातच एकटं घर. अशा घराला ते तान्या म्हणतात. पुढे जर्दाळूची झाडं, मागे कोंबड्या, पलीकडे शेजाऱ्याचं सूर्यफूल. दाराशी जुनी विहीर, तिच्यावर उंच लाकडाच्या बेचक्यात आडवा दांडा, एका टोकाला बादली आणि दुसऱ्या टोकाला वजन. विजेच्या खांबावर बगळ्याहून मोठ्या पांढऱ्या करकोच्याचं घरटं. जुलैत ऊन आपल्यासारखंच, पण रात्री पावणेनऊपर्यंत उजेड असते, त्याने पहिले चार दिवस झोप येत नाही. तयारी ठेवा.

आता चरबीचं. माझ्यासोबत जे झालं ते सांगते, म्हणजे तुमच्यासोबत होणार नाही.

मुलाने आधीच सांगून ठेवलं होतं, आई मांस खात नाही. ईनबाईंनी पहिल्या दिवशी मोठ्या मनाने भोपळ्याची भाजी केली. दुधीसारखा कोवळा भोपळा किसून, वरून शेपू आणि आंबट साय, दाटसर. तोक्फोझेलेक म्हणतात. शेपूच्या वासाने मला इतका आनंद झाला की मी दोन चमचे भराभर खाल्ले. मग मुलाचा चेहरा पाहिला. तो विचारून राहिला होता आणि त्या अगदी साधेपणाने सांगत होत्या, मांस कुठे आहे, पीठ तेवढं चरबीत परतलं. त्यांच्या हिशेबी चरबी म्हणजे मांस नाहीच, आपल्या फल्लीतेलासारखी ती रोजची वस्तू. मी चमचा खाली ठेवला. बोलली काहीच नाही, पण डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यांनी पाहिलं. त्या रात्री मी उपाशी झोपली आणि मला वाटते, त्याही जेवल्या नाहीत.

सकाळी उठून पाहते तर ओसरीवर सगळी भांडी काढलेली. बाई गुडघ्यावर बसून सोडा लावून एकेक घासून राहिल्या. सत्तरीच्या बाई आहेत. घासून झाल्यावर सुनेला घेऊन बाजारात गेल्या आणि निळ्या रंगाचं नवं कोरं भांडं आणलं, ते आपण चिनीमातीसारखा मुलामा दिलेलं म्हणतो तसं. सोबत सूर्यफुलाच्या तेलाची बाटली. चरबीची बरणी त्यांनी कोठीच्या खोलीत नेऊन ठेवली. आणि निळ्या भांड्याच्या कानाला लाल लोकरीचा धागा बांधला. मला जवळ बोलावून धाग्यावर बोट ठेवलं, मग माझ्या छातीवर. हे तुझं.

पाच वर्षांनी गेली तेव्हा ते भांडं त्याच खुंटीवर होतं, धाग्यासकट. रंग थोडा उडाला होता.

म्हणून सांगते, पहिल्याच दिवशी सांगा, दारातून आत गेल्या-गेल्या. आणि फक्त मांस नाही म्हणून भागत नाही. दोन वाक्यं पाठ करा: "नेम एसेम हूश्त", मी मांस खात नाही, आणि "झीर नेल्क्युल", चरबीशिवाय. झीर हा शब्द विसरू नका. नाही म्हटल्याने त्यांना वाईट नाही वाटत ताई, ताटावर बसून चमचा खाली ठेवला की वाटते.

तुमच्या पंगतीत बसेल असं तिथे पुष्कळ आहे. लेचो म्हणजे ढोबळी मिरची, टमाटर आणि कांद्याची भाजी, त्यात सॉसेज टाकतात तेवढं टाकू नका म्हणायचं. वाटाण्याचं, पालकाचं, मसुरीचं फोझेलेक, म्हणजे तशीच दाटसर भाजी, तेलात होते. तुरो म्हणजे आपल्या फाटलेल्या दुधाच्या छन्यासारखं, ते शेवयांवर घालतात, पण वरून डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे भुरभुरतात, ते आधी थांबवायचं. आलूच्या पिठात आख्खा आलुबुखारा भरून उकडलेले गोळे, वरून साखर-दालचिनी, ऑगस्टात ते नक्की करतील. त्यात अंडं असते पुष्कळदा, विचारून घ्या. बारा वाजता चर्चची घंटा झाली की मुख्य जेवण. ती घंटा ते 1456 च्या लढाईच्या आठवणीशी जोडतात, बेलग्रेडच्या किल्ल्यापाशी त्यांच्या सेनापती हुन्यादीने तुर्कांचं सैन्य परतवलं त्या. ईनबाई घंटा ऐकू आली की हातातलं काम ठेवून एक क्षण उभ्या राहायच्या. रात्री मात्र फक्त पाव आणि काहीतरी, त्याला जेवण म्हणू नये. आपल्याला रात्री भात लागते, तर दुपारीच थोडा काढून ठेवायचा.

भाषेचं विचारलं. मला तर भाषेची अडचण हातात काम नसलं तरच झाली. पाहुणी म्हणून सोफ्यावर बसवलं की घड्याळाचा काटा पुढे सरकत नाही. तिसऱ्या दिवशी मी सरळ जाऊन त्यांच्याजवळच्या टोपल्यातल्या शेंगा मोडायला घेतल्या. त्या दोन्ही टोकं तोडून शिरा ओढतात, मीही तशाच ओढते. त्यांनी माझ्या बोटांकडे पाहिलं आणि टोपलं मधोमध सरकवलं.

2023 ला मी अनारशाचं पीठ नेलं होतं. तांदूळ आणि गूळ, दुधाचं काही नाही, कुणी अडवलं नाही. खसखस तिथे घरोघरी, पण आपल्यासारखी पांढरी नाही, निळसर करडी. शेवयांवरही कुटून साखरेसोबत घालतात, त्यासाठी टेबलाला अडकवायचं वेगळं छोटं यंत्रच असते. मी त्यांच्या पोळपाटावर, म्हणजे त्या मोठ्या लाकडी पाटावर, ती करडी खसखस पसरली आणि गोळी थापली. त्यांनी दुसरी घेतली. बोटं जड पडली त्यांची, शिवाय प्रवासात पीठ सैल झालं होतं. तेलात सोडला आणि अनारसा हसला. पसरून सगळीकडे कण-कण झाला. मी म्हटलं, "हसला बाई!" सुनेने मराठीतून त्यांच्या भाषेत नेलं, की यांच्याकडे फुटला म्हणत नाहीत, हसला म्हणतात. बाईंना ते इतकं आवडलं! मग मी पिठात थोडी तांदळाची पिठी मिसळली, दुसरा घाणा सोडला, वरच्या बाजूने खसखस ठेवून, न उलटता, झाऱ्याने तेल उडवत. चांगली जाळी पडली. त्या टेबलाशी खाली वाकून, डोळे बारीक करून एकेक जाळी पाहून राहिल्या होत्या. आता दर दिवाळीला फोनवर मला विचारतात, "हास्ला? नेम हास्ला?" हसला की नाही हसला. अर्धं वाक्य त्यांचं, अर्धं आपलं.

आणि भिवापुरी तिखट न्या ताई, पाव किलो तरी. मिरचीवर त्यांचा जीव आहे. कालोचा आणि सेगेदच्या मिरचीला तिथे तसंच मानांकन आहे जसं आपल्या भिवापूरच्या मिरचीला. माझ्या दुसऱ्या खेपेला भिंतीवर लाल मिरच्यांच्या माळा वाळत होत्या, भिवापूरच्या रस्त्यावरचं आंगण आठवलं. त्यांची मिरची गोड, रंगाला. रस्सा करताना भांडं आधी चुलीवरून खाली घेतात आणि मग तिखट घालतात, नाहीतर कडू होते म्हणतात. मी घरी तेच करते आता, रंग खरंच लालभडक राहते.

तुमच्या जाऊबाईंच्या बोलण्याचं. माझी मुलाकडची बाजू, म्हणून मला तुमच्यासारखं कुणी बोललं नाही, तर मी काय सांगणार असं वाटेल. पण एक पाहिलेलं सांगते. 1 नोव्हेंबरला तिथे सगळे स्मशानात जातात. शेवंतीची फुलं आणि मेणाचे दिवे घेऊन. संध्याकाळी सगळं स्मशान दिव्यांनी भरते, आणि रडारड नाही, लोक हळू बोलत एकमेकांना भेटून राहिले असतात. म्हणूनच शेवंती कुणाच्या घरी भेट म्हणून न्यायची नाही, आणि फुलं नेली तर विषम संख्येत.

ईनबाई मला त्यांच्या मालकांच्या कबरीवर घेऊन गेल्या. दगडावर दोन नावं होती. एक त्यांच्या मालकांचं, खाली जन्माचं साल, मरणाचं साल. शेजारी त्यांचं स्वतःचं नाव, जन्माचं साल, आणि पुढे नुसती जागा सोडलेली. तिथे तशी रीतच आहे, पुष्कळ दगडांवर पाहिलं. माझ्या अंगावर काटा आला. त्या मात्र ओल्या फडक्याने आधी मालकांचं नाव पुसून राहिल्या, मग आपलं. मग फडकं माझ्या हातात दिलं आणि स्वतः पाणी आणायला गेल्या. मी दगडाची खालची बाजू पुसली, दिवे लावले. परत येताना त्यांनी माझा हात धरला तो घरापर्यंत सोडला नाही.

एवढ्या मोठ्या घरात ती बाई एकटी असते ताई. कोण कुणाकडची, हे तिच्या मनात कधी आलंच नाही. तुमच्या विहीणबाई तीन आठवडे बोलावून राहिल्या तर त्यांना तीन आठवडेच पाहिजे आहेत. काहून कमी करता?

---

इंदोऱ्याचे मास्तर

ताई, मीही शिक्षकच. वरच्या भगिनींनी सगळं सविस्तर सांगितलं आहे, मी एकच गोष्ट जोडतो, कारण नागपूरहून हंगेरीला जाणाऱ्या माणसाला ती ठाऊक असावी असं मला मनापासून वाटतं.

त्या देशाच्या ईशान्येला, बोर्शोद भागात, शायोकाझा नावाचं खेडं आहे. तिथे रोमा समाजाच्या, म्हणजे ज्यांना पूर्वी जिप्सी म्हणत त्यांच्या, मुलांसाठी 2007 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाची शाळा सुरू झाली. ज्यांनी ती उभी केली ते आपल्या संस्थेला जय भीम म्हणतात आणि बौद्ध आहेत. त्यांच्यातले काही जण महाराष्ट्रात येऊन इथल्या वस्त्या पाहून गेले. 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीवर जे घडलं त्याचा दिवा इतक्या दूर, कोळशाच्या खाणी बंद पडलेल्या एका खेड्यात लागला आहे. ही बातमी मी दरवर्षी वर्गात सांगतो आणि दरवर्षी कुणीतरी मूल नकाशा मागतं.

रोमा लोकांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी भारतातूनच गेले, त्यांची मूळ भाषा आपल्या भाषांच्या कुळातली. नाक, कान, पाणी हे शब्द अजून त्यात जवळजवळ तसेच आहेत. हंगेरीतल्या पुष्कळ रोमांची ती भाषा आता सुटली, ते हंगेरियनच बोलतात, पण त्यांचे शब्द हंगेरियनमध्ये शिरले. तिथली तरुण पोरं पोराला "चावो" म्हणतात, तो मूळ रोमा शब्द. तो आणि आपला "छावा" एकाच मुळाचे.

हे सांगतो कारण खेड्यात राहाल तेव्हा रोमांविषयी वाईट बोललेलं कानावर येईल. चांगल्या माणसांच्या तोंडूनही येईल. भाषा कळणार नाही, पण लेक भाषांतर करताना अडखळली की समजून घ्या. तुमचा वर्ण पाहूनही दुकानात एखादा चुकीचा समज करून घेईल. तुम्ही 31 वर्षं शिकवलं आहे, अशा वेळी शांतपणे एक वाक्य बोलायला तुम्हाला मी सांगायला नको. "हे आमच्याकडून गेलेले लोक आहेत", एवढं लेकीकडून हंगेरियनमध्ये शिकून घ्या.

शायोकाझा तुमच्या गावाहून दूर आहे, बुदापेश्तला जाऊन तिथून मिश्कोल्त्सची रेल्वे धरावी लागेल. जाणं होणार नाही कदाचित. झालं तर आधी विचारून जा, आणि दीक्षाभूमीच्या स्तूपाचा एक चांगला फोटो सोबत असू द्या. फोटो हवा असेल तर मी मोठा करून देतो, माझ्या खर्चाने.

---

त्रिमूर्तीनगरची आई

सगळ्यांचे मनापासून आभार. खामल्याच्या ताई, तुमचं लिहिलेलं मी यांना मोठ्याने वाचून दाखवलं. लाल धाग्यापाशी माझा आवाज थांबला, पुढचं यांनी वाचलं.

काल रात्री लेकीला फोन केला. "झीर नेल्क्युल" म्हटलं तर ती आधी खूप हसली, मग एकदम गप्प झाली. मग म्हणाली, "आई, मला हे सासूबाईंना सांगायचं धाडस होत नव्हतं. मी इतके दिवस तिथे गेले की भूक नाही म्हणते." वर्षभर माझी लेक त्या घरात अर्धपोटी उठत होती आणि मला माहीत नव्हतं. मग आम्ही तिघींनी व्हिडिओ लावला आणि मीच म्हटलं, दोन्ही वाक्यं, कागदावरून वाचून. विहीणबाईंनी दोन्ही हात तोंडावर ठेवले. मग लेकीकडे वळून भराभरा काहीतरी बोलल्या, चांगल्याच रागावल्या तिच्यावर. लेकीने सांगितलं, "म्हणतायत, आधी का नाही सांगितलंस, मी तुझी कोण?" बरणी उचलून त्या कुठेतरी घेऊन गेल्या, ते पडद्यावर दिसलं.

सेगेदच्या बाळा, तुझी आई मानेवाड्याला असते ना? पत्ता मला निरोपात पाठव. तिखट आणि पुडाच्या वड्या काय हव्या त्या तिच्याकडून घेऊन येते, आमच्याकडे वजन शिल्लक आहे.

मास्तर, फोटो नक्की द्या. शायोकाझाला जाणं झालं नाही तरी लेक टपालाने पाठवेल. ते एक वाक्य तिने मला लिहून दिलं आहे, पाठ करते आहे, जीभ अजून वळत नाही.

बर्फी रद्द. यांना सांगितलं, अनारसे. तीन दिवस रोज पाणी बदलायचं, मग सावलीत सुकवायचं, कुटायचं, गुळात मळून ठेवायचं, दिवस मोजकेच आहेत. पावसाळी हवेत तांदूळ नीट सुकतील का हीच एक धास्ती आहे, पंख्याखाली धोतर पसरून सुकवीन. जुने जाडे तांदूळ काढले आणि लिहायला बसण्याआधीच भिजत घातले.